बाजरीला भरड म्हणणारे कोण?

गेल्या मार्गशीर्षांत एका कुणब्याच्या घरच्या लग्नास जाण्याचा योग आला. घर खाऊनपिऊन सुखी. ओसरीवर त्या सालच्या बाजरीच्या पोत्यांची थप्पी लावलेली होती; पण ती पाहुण्यांच्या नजरेस पडूं नये म्हणून तिच्यावर चादर टाकली होती. मांडवांत पानावर मैद्याच्या पुऱ्या, पांढरा भात आणि जिलेबी. एका म्हाताऱ्या पाहुण्यानें दुधांत कुसकरून खावयास भाकरीचा तुकडा मागितला. तेव्हां यजमानाचा चेहरा उतरला. तो हलक्या आवाजांत म्हणाला, "आबा, व्याह्यांच्या देखत भाकर कशी मागतां? लोक काय म्हणतील?" आबा उगीच राहिले आणि पुरी चघळीत बसले.

शेतकरी बंधुभगिनींनो, हे 'लोक' कोण, याचा आज आपण विचार करूं. ज्या धान्यानें त्या घराचीं पोरें वाढलीं, ज्याच्यावर बैलाबरोबर राबण्याची ताकद आली, जें विकून त्या मांडवाचे बांबू आले, त्या धान्याची आपल्याच दारांत आपणांस लाज वाटावी, ही लाज आभाळांतून पडलेली नाहीं. ती कोणीं तरी शिकविलेली आहे आणि आपण ती मुकाट्यानें शिकलों आहों.

माणसांत वरची जात आणि खालची जात ज्यांनीं ठरविली, त्यांनीं धान्यालाहि जाति लावून दिल्या. तांदूळ आणि गहूं हीं वरचीं. ज्वारी, बाजरी, नाचणी हीं भरड. 'भरड' म्हणजे जाडेंभरडें, अर्थात् जाड्याभरड्या माणसांनीं खावयाचें. जो पिकवील तो हलका, म्हणून त्याचें पीकहि हलकें. आणि पीक हलकें, म्हणून तें खाणारा हलका. हें चक्र असें बेमालूम फिरत आलें आहे कीं, आपल्याला त्याचा आवाजहि ऐकूं येत नाहीं.

प्रत्यक्ष पाहा. आमच्या कोरडवाहू मुलखांत भाताचें खाचर औषधाला सांपडावयाचें नाहीं. पण बाप वारला कीं दहाव्याला पिंड मात्र भाताचाच लागतो. घरांत बाजरीची कणगी भरलेली असतां पोरगें दुकानावर धांवतें आणि उधारीनें तांदूळ आणतें. भटजींचा शिधा द्यावयाचा तर त्यांत गव्हाची कणीक, तांदूळ, डाळ, तूप, गूळ. ज्या बाजरीवर त्या बापानें आपला सगळा जन्म काढला, ती त्याच्या पिंडाला चालत नाहीं आणि पिंड पाडणाऱ्याच्या शिध्यालाहि चालत नाहीं! जिवंत असतां त्यानें जें खाल्लें तें मेल्यावर त्याला पोंचत नाहीं, असें सांगणाऱ्या शास्त्रास शेतकऱ्यानें एकदां तरी विचारावें कीं, बाबा रे, हा कायदा कोणाच्या सोयीचा?

आणि आमच्या स्वतःच्या देवांचें पाहा. जेजुरीच्या खंडोबाला चंपाषष्ठीस भरीत-रोडग्याचा नैवेद्य चालतो. संक्रांतीच्या आदल्या दिवशीं, भोगीला, घरोघर तीळ लावलेली बाजरीची भाकर, लोणी आणि सगळ्या भाज्यांची एक भाजी होते. म्हणजे रानांत राबणाऱ्याच्या देवाला रानांतलें अन्न चालतें. जेथें दलाल मध्यें आला, तेथेंच धान्याची जात निघाली.

आतां या हलक्या म्हटलेल्या धान्याचें कूळ कोणतें तें ऐका. आफ्रिका खंडांत सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेला, आज ज्याला माली देश म्हणतात तेथें, सुमारें ४,५०० वर्षांपूर्वीच्या माणसाळलेल्या बाजरीच्या खुणा मिळाल्या आहेत. म्हणजे रानगवताचीं कणसें वेचून, त्यांतलीं टपोरीं निवडून, पुन्हा पुन्हा पेरून तेथल्या काळ्या कष्टकरी लोकांनीं हें पीक घडविलें. तेथून तें हजारों कोसांचा प्रवास करून आपल्या देशांत आलें. आणि येथेंहि त्याला येऊन तीन हजार वर्षांहून अधिक काळ लोटला. कोणा ऋषीनें तें दिलें नाहीं आणि कोणा राजानें तें शोधिलें नाहीं. तें शेतकऱ्यानें शेतकऱ्याच्या हातीं दिलें. ज्या पिकाची एवढी वंशावळ, त्याला हलक्या कुळाचें कोण म्हणतो?

वाळवंटाच्या कडेला जन्मलेलें म्हणून त्याचा स्वभावहि तसाच चिवट. बाजरीचीं मुळें खोल जातात. ज्वारी, मका आणि ऊंस यांच्याप्रमाणें कडक उन्हांत थोडें पाणी खर्चून अन्न तयार करण्याची शक्ति तिच्या पानांत आहे. हलकी, मुरमाड जमीन आणि ४०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस, एवढ्यावर ती घरची कणगी भरते. ऐन भरांत पावसानें ओढ दिली आणि मुख्य ताट सुकलें, तरी ती हाय खात नाहीं. चार सरी पडल्या कीं बुडाशीं फुटवे जोर धरतात आणि मागाहून कणसें टाकतात. पेरल्यापासून ७५ ते ९० दिवसांत ती खळ्यावर येते. एकरीं बियाणें लागतें अवघें दीड किलो. ऊंस वर्ष-दीड वर्ष विहिरीच्या उरावर बसतो. बाजरी तीन महिन्यांत धान्य देऊन, गुरांना सरमाड ठेवून, रान मोकळें करून जाते. पाणी साचणाऱ्या रानांत मात्र ती रुसते, हेंहि सांगितलें पाहिजे. जिचें शेत चोपण आणि दलदलीचें, तिनें बाजरीच्या नादीं लागूं नये.

हें झालें रानांतलें. आतां पोटांतलें बोलूं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ सालीं आपल्या देशांतील अन्नांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांप्रमाणें १०० ग्रॅम बाजरींत सुमारें ११ ग्रॅम प्रथिनें, साडेअकरा ग्रॅम चोथा आणि ६.४ मिलिग्रॅम लोह असतें. तितक्याच गव्हांत लोह सुमारें ४ मिलिग्रॅम. आणि ज्या पांढऱ्याशुभ्र तांदळाला आपण वरच्या पाटावर बसविलें, त्यांत प्रथिनें सुमारें ८ ग्रॅम, चोथा ३ ग्रॅमांहूनहि कमी आणि लोह अवघें ०.६५ मिलिग्रॅम! म्हणजे लोहाच्या हिशेबानें तांदळाचीं जवळजवळ दहा ताटें आणि बाजरीचें एक ताट यांचा तोल होतो. पंक्तींत वरच्या पाटावर कोण बसावा याचा निकाल तराजूवर लावावयाचा असेल, तर तो असा लागतो.

लोहाचें एवढें माहात्म्य कां, असें कोणी विचारील. तर २०१९ ते २१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या बायकांपैकीं शेंकडा ५४ बायकांच्या अंगांत रक्त कमी आढळलें. सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या पोरांत हें प्रमाण शेंकडा ६९ च्या घरांत आहे. बाई खुरपतां खुरपतां डोळ्यांपुढें अंधारी येऊन मटकन् बसते, पोर शाळेंत पेंगतें, बाळंतीण उठतां उठत नाहीं, तेव्हां आपण दृष्ट काढतों, अंगारा लावतों. ती दृष्ट नव्हे. तें रक्त कमी आहे. रक्त कमी होण्यास जंत, पाळीचा त्रास, लागोपाठचीं बाळंतपणें अशीं दुसरींहि कारणें असतात. पण ताटांतलें लोह कमी होणें हें त्यांतलें एक मोठें कारण आहे.

आतां गंमत पाहा. महाराष्ट्रांतील शाळकरी पोरांवर झालेल्या एका प्रयोगाचा निकाल २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. १२ ते १६ वर्षांचीं २४६ मुलें घेतलीं. कांहींना नेहमींच्या बाजरीची आणि कांहींना जास्त लोह असलेल्या वाणाच्या बाजरीची भाकर सहा महिने दिली. ज्या मुलांच्या अंगांत आरंभीं लोहाचा तुटवडा होता, त्यांतलीं जास्त लोहाची भाकर खाणारीं मुलें दुसऱ्यांपेक्षां दीडपटीहून अधिक प्रमाणांत त्या तुटवड्यांतून बाहेर आलीं. औषध नव्हे, सुई नव्हे, भाकर! अर्थात् दवाखान्यांतून लोहाच्या गोळ्या मिळत असतील तर त्या टाकून देऊं नयेत. आणि भाकरीबरोबर डाळ, पालेभाजी, लिंबाची फोड असावी. डाळीनें प्रथिनांचा कस वाढतो आणि लिंबानें लोह अंगीं लागतें. जेवणावर लगेच चहा ढोसला तर तेंच लोह वायां जातें. एवढें पथ्य पाळावें.

असें हें धान्य आपल्या घरांत असतां आपण खातों काय? अन्नसुरक्षेचा कायदा २०१३ सालीं झाला. त्यांत गहूं-तांदळाबरोबर भरडधान्यहि देण्याची तरतूद होती. जानेवारी २०२३ पासून हें धान्य फुकट मिळूं लागलें. गरिबाच्या चुलीला त्याचा आधार झाला, हें आम्ही नाकारीत नाहीं. तो गरिबाचा हक्क आहे आणि तो कोणी काढूं पाहील तर आम्ही त्याच्याशीं भांडूं. पण आमच्या राज्यांतल्या दुकानांवर येतो तो बहुतेक गहूं आणि तांदूळच. म्हणून असें झालें कीं, शेतकरी आपली बाजरी खळ्यावरूनच मोंढ्यावर घालतो, तेथें ती पडेल भावानें कांहीं माणसांच्या आणि कांहीं कोंबड्या-गुरांच्या पोटांत जाते, आणि शेतकऱ्याचीं मुलें पिशवींतून आणलेला पांढरा भात खातात. कोंबडीला लोह आणि पोराला चोथापाणी! ही कसली वाटणी?

याचा परिणाम रानावरहि झाला. १९९० च्या सुमारास महाराष्ट्रांत पंधरा लक्ष हेक्टरांहून अधिक रान बाजरीखालीं होतें. आज तें सात लक्षांच्याहि खालीं आलें आहे. अहिल्यानगर, नाशिक, धुळें, बीड, पुणें जिल्ह्यांचा पूर्वभाग, साताऱ्याचे माण-खटाव, हा सगळा बाजरीचा मुलूख. त्या मुलखांत आज मका, सोयाबीन, कांदा आणि जेथें कालवा पोंचला तेथें ऊंस. मुकुंदराव पाटलांनीं ज्या तरवडी गांवांतून 'दीनमित्र' चालविला, तो नेवाशाचा भाग याच मुलखांतला. बाजरीची भाकर खाणाऱ्या वाचकांच्या जोरावरच ती चळवळ उभी राहिली, हें आपण विसरतां कामा नये.

आणि आपण असे तोंड फिरवून बसलों असतां दुसरीकडे काय झालें? केंद्र सरकारनें एप्रिल २०१८ मध्यें 'भरड' हें नांव पुसून या धान्यांना 'पौष्टिक धान्य' म्हणावें असें जाहीर केलें. भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रांनीं २०२१ सालीं ठराव केला आणि २०२३ हें साल साऱ्या जगांत या धान्यांचें साल म्हणून पाळलें गेलें. त्याच वर्षींच्या अंदाजपत्रकांत त्यांना 'श्रीअन्न' अशी पदवी मिळाली. मोठमोठ्या मेजवान्यांत बाजरीचीं पक्वान्नें वाढलीं गेलीं. शहरांतल्या दुकानांत रंगीत पाकिटांतून बाजरीचीं बिस्किटें, लाह्या आणि पीठ विकूं लागलें. काल जी भाकर खाणारा गांवंढळ ठरत होता, तीच भाकर आज तालेवारांच्या ताटांत शहाणपणाची खूण झाली!

आम्हांला याचा आनंद आहे. सत्य उशिरां कां होईना पटलें. परंतु एक सवाल विचारल्यावांचून राहवत नाहीं. धान्याला 'श्री' लागली. पण धान्य पिकविणाऱ्याला काय लागलें? २०२५-२६ च्या हंगामासाठीं सरकारनें बाजरीचा हमीभाव क्विंटलला २,७७५ रुपये ठरविला. कागदावर आंकडा चांगला आहे. पण हमीभाव म्हणजे जो घेणारा उभा आहे तो भाव. खरेदीचें केंद्रच वेळेवर उघडलें नाहीं, तर तो आंकडा भिंतीवरच्या चित्रांतल्या लाडवासारखा. सुगींत घरांत पैशाची निकड असते. व्यापारी दाणा दांताखालीं चावून 'ओल आहे, काळा आहे' म्हणतो. आणि हमीभावाहून ४०० रुपये कमी सांगतो. दहा क्विंटल विकणाऱ्या कुणब्याचे तेथल्या तेथें ४,००० रुपये गेले. तेवढ्यांत पोराचीं वह्या-पुस्तकें आणि घरधनिणीचें औषधपाणी झालें असतें. जोतीरावांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यास आतां १४० वर्षें उलटून गेलीं. लुबाडणाऱ्याचा अंगरखा बदलला, पण खळ्यावरचा हात तोच आहे.

येथें बाजरीच्या अंगची एक गोष्ट प्रत्येक घरानें समजून घेतली पाहिजे, कारण सगळी मेख तींत आहे. बाजरींत गहूं-तांदळापेक्षां तेलाचा अंश जास्त, शेंकडा पांचांहून थोडा अधिक. हा अंश मुख्यतः दाण्याच्या कोंबांत असतो. त्यामुळें भाकर खाल्ल्यावर पोटाला दम निघतो. पण दळल्यावर तेंच तेल हवेशीं मिळून कांहीं दिवसांतच पीठ कडवट करतें. आपल्या आयाबाया आठवड्यापुरतेंच दळून आणीत, ती कंजुषी नव्हे. ती अक्कल होती. आतां कारखानदाराला पीठ महिनोन् महिने दुकानांत टिकवावयाचें असतें. तें टिकविण्याचा एक मार्ग म्हणजे दाण्याचा कोंडा आणि कोंब काढून टाकणें. म्हणजे जें सत्त्व म्हणून बाजरी गाजली, तेंच खालीं सांडून उरलेला पांढरा भाग 'श्री' लावून विकावयाचा! तांदळाचें जें झालें तेंच बाजरीचें होऊं द्यावयाचें काय?

यावरून एक गोष्ट निश्चित होते. बाजरी ही दूरच्या कारखान्याची वस्तु नव्हे. ती गांवच्या चक्कीची वस्तु आहे. सबंध दाणा घरांत, ताजें पीठ डब्यांत, हा तिचा धर्म. आणि ज्याच्या गांवांत चक्की, त्याच्या हातांत किल्ली. हें वर्म ओळखलें तर पाकिटवाल्याला जें जमत नाहीं तें आपल्या गांवाला जमेल.

कोणी म्हणेल, 'हें सगळें बोलायला ठीक. पण शेतकऱ्यानें बाजरी सोडली ती कांहीं लाजेमुळेंच नव्हे.' हें म्हणणें खरें आहे आणि त्याला उत्तर दिलें पाहिजे. पहिली अडचण भावाची, ती वर आलीच. दुसरी पांखरांची. गांवांत चारच जणांनीं बाजरी पेरली तर साऱ्या शिवारांतल्या चिमण्या त्यांच्याच माथीं. गोफण घेऊन माळ्यावर बसायला आतां माणूस मिळत नाहीं; आणि पोरांना शाळा सोडून बसवावें असें आम्ही कधींच म्हणणार नाहीं. याला उपाय एकच: भावकींत, वस्तींत ठरवून एका पट्ट्यांत सगळ्यांनीं पेरणें, म्हणजे नुकसान वांटलें जातें आणि राखणहि.

तिसरी अडचण रोगाची. केवडा, ज्याला आपल्याकडे गोसावी म्हणतात, तो पडला कीं कणसांत दाण्यांऐवजीं हिरव्या पानांच्या जटा होतात. नांव मोठें नामी आहे. जटा वाढवून दाणा न देणारा तो गोसावीच! १९६५ सालीं पहिली संकरित बाजरी आली आणि उत्पन्न वाढलें. १९७०-७१ सालीं देशांत ८० लक्ष टनांच्या घरांत बाजरी झाली. पण त्या काळच्या संकरित वाणांची मादी-ओळ एकच, अमेरिकेंतून आणलेली. सगळ्या शिवारांत एकाच आईचीं लेकरें. केवड्यानें ती नाडी ओळखली आणि पुढल्याच वर्षीं देशाच्या पिकाला जबर तडाखा दिला. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला आणि बाजरी-ज्वारी पिकविणाऱ्या महाराष्ट्रानें परदेशांतून आलेली तांबडी मिलो रेशनावर खाल्ली. ज्यांनीं ती खाल्ली ते म्हातारे अजून तिची चव विसरले नाहींत. यांतला धडा असा कीं, नवें बियाणें वाईट नव्हे; पण सगळ्यांनीं एकाच पिशवीवर विसंबणें वाईट.

म्हणून बियाण्याविषयीं दोन शब्द. हैदराबादजवळची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था इक्रिसॅट आणि राहुरीचें महात्मा फुले कृषि विद्यापीठ यांच्या कामांतून 'धनशक्ति' हा वाण २०१२ सालीं महाराष्ट्रासाठीं आला. लोह जास्त असलेला तो हाच वाण. त्याचें मूळ आफ्रिकेंतील टोगो देशाच्या शेतकऱ्यांनीं जपलेल्या देशी बाजरींत आहे. तो संकरित नाहीं. म्हणून शेतकऱ्याला आपल्या रानांतलीं निरोगी, टपोरीं कणसें निवडून पुढल्या सालचें बियाणें घरींच ठेवतां येतें. संकरित वाण त्याहून जास्त उतरतात, हें खरें. पण त्यांचें बियाणें दर सालीं विकत घ्यावें लागतें. ज्याला जें परवडेल तें त्यानें घ्यावें. मात्र घरच्या खाण्याचा एक तुकडा आपल्या हातच्या बियाण्याचा असावा. पेरणीपूर्वीं दहा लिटर पाण्यांत दोन किलो मीठ घालून बी बुडवावें. अरगटाच्या गांठी आणि पोचट दाणे वर तरंगतात, ते काढून जाळावे. खालचें बी स्वच्छ पाण्यानें धुऊन सावलींत सुकवावें. दोन ओळी बाजरी आणि एक ओळ तूर अशी पेर केली तर भाकर आणि वरण एकाच रानांतून निघतें.

चौथी अडचण सर्वांत खरी, आणि पुरुषमंडळी ती कधीं बोलून दाखवीत नाहींत. ती बायकांच्या हातांची. बाजरीच्या पिठाला गव्हासारखी चिकटी नसते. तें गरम पाण्यानें मळावें लागतें, तळव्यानें रगडावें लागतें, एकेक भाकर थापावी लागते. दिवसभर शेतांत खुरपून आलेल्या बाईनें धुरांत बसून आठ माणसांसाठीं वीस भाकऱ्या थापावयाच्या आणि ओसरीवर बसून आपण बाजरीचे पोवाडे गावयाचे, हा न्याय नव्हे. तिनें पटकन् भात टाकला तर तिला बोल लावूं नका. ताराबाई शिंद्यांनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून पुरुषांना जो आरसा दाखविला, तो या चुलीपुढेंहि धरावा. ज्याला बाजरीचा अभिमान, त्यानें परात पुढें ओढावी. तळवा पुरुषालाहि असतो. आणि बाजरीची खिचडी, घाटा, खारोड्या असे सोपे प्रकारहि आहेत. रोज भाकरच पाहिजे असा हट्ट नको.

आतां आमच्या कारागीर बांधवांशीं दोन गोष्टी. सुतारानें पाभर जोडली, लोहारानें फाळ शेवटला, चांभारानें मोट शिवली, कुंभारानें रांजण दिला, आणि सुगीला खळ्यावर त्यांना धान्याचें बलुतें मिळालें, ही जुनी रीत. ती परत यावी असें आम्ही म्हणत नाहीं. त्या रीतींत हात जोडून उभें राहणें होतें, आणि महार-मांगांच्या वांट्याला तर अपमानच होता. ती गेली तें बरेंच झालें. पण ती जातांना कारागिराच्या घरांतली बाजरीची कणगीहि गेली. आतां तो मजुरीच्या रोख पैशानें दुकानावरून बाजरी घेतो, ती खळ्याच्या भावाच्या किती तरी वर. मधला फरक कोणाच्या घशांत जातो तें सांगावयास नको.

तेव्हां आमची सूचना अशी. सुगीच्या आधीं गांवांतल्या कारागीर घरांनीं आणि बायकांच्या बचत गटांनीं वर्षाची गरज मोजावी आणि पिकविणाऱ्याशीं सरळ सौदा करावा, हमीभावाच्या खालीं नाहीं आणि दुकानाच्या भावाच्या वर नाहीं. दोघांचेंहि कल्याण होतें. कमी होतो तो फक्त मधला. दुसरें, शेतकऱ्यानें घरची वर्षाची बाजरी बाजूला काढल्यावांचून एक पोतेंहि मोंढ्यावर घालूं नये. तिसरें, ग्रामसभेंत ठराव करावा कीं, आमच्या तालुक्यांत बाजरीचें खरेदी केंद्र पीक निघतांच उघडावें, आणि तीच बाजरी आमच्याच तालुक्याच्या रेशन दुकानांवर, अंगणवाडींत आणि शाळेच्या जेवणांत यावी. पंजाबचा गहूं येथवर आणतां येतो, तर शेजारच्या शिवारांतली बाजरी पोराच्या ताटांत कां येत नाहीं, हें तोंडावर विचारावें. एका गांवाचा ठराव टोपलींत जाईल. पन्नास गांवांचा जाणार नाहीं.

आणि चौथें, जें कोणत्याहि सरकारच्या हातीं नाहीं, फक्त आपल्या हातीं आहे. पुढल्या लग्नाच्या पंक्तींत एक टोपली भाकरीची फिरूं द्या. व्याही हंसला तर हंसूं द्या. दुसरी भाकर तोच मागून घेईल. बापाच्या दहाव्याला त्यानें पिकविलेलें आणि खाल्लेलें अन्न गांवाला वाढा. पोराच्या डब्यांत भाकर द्या आणि त्याला सांगा कीं, ती लपवून खावयाची नाहीं.

सत्यशोधक समाज १८७३ सालीं निघाला तो माणसाच्या डोक्यावरचें दुसऱ्यानें ठेवलेलें ओझें उतरावयास. तें ओझें देवळांत आणि पोथींत जसें आहे, तसेंच तें ताटांतहि आहे. जो आपल्या भाकरीला हलकी म्हणतो, तो स्वतःला हलका म्हणवून घेण्यास तयार झालेलाच असतो. त्या थप्पीवरची चादर आधीं काढा. पोतीं दिसूं द्या. त्यांत आपलें धान्य आहे. चोरीचा माल नाहीं.